टांकसाळीची चूक की रस्त्यावरचा मार?



सुट्ट्या पैशांत एखादं वेडंवाकडं नाणं आलं, की हल्ली लोक ते बाजूला काढून ठेवतात. अशा नाण्याचे हजारो रुपये मिळतात, असं कुणीतरी मोबाइलवर पाठवलेलं असतं. टांकसाळीत चुकलेली नाणी असतात आणि संग्राहक त्यांना किंमत देतात, हे खरं. पण आपल्या हाती येणारी बहुतेक नाणी चुकलेली नसतात, मार खाल्लेली असतात.

धातूच्या पट्टीतून कोऱ्या चकत्या कापतात, त्यांची कड दाबून उंच करतात आणि मग दोन ठशांच्या मध्ये धरून छाप मारतात. इथवर जे बिघडलं ती चूक. नंतरचं सगळं नुकसान.

नाण्यावर रेघ दिसली, तर तिच्यावरून नख फिरवा. खोल लागली तर बहुधा ओरखडाच. वर उठलेली असेल तर मात्र नाणं जपून ठेवा. ठशाला तडा गेला, की धातू त्या तड्यात शिरतो आणि नाण्यावर उंच रेघ उमटते. ओरखड्याने धातू असा वर येत नाही.

कडेचा तुकडा गेलेलं नाणं जास्त फसवतं. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर चकती आधीच्या भोकावरच कापली जाते आणि चंद्रकोरीच्या आकाराचा भाग कमी पडतो. अशा नाण्यावर खाचेजवळची अक्षरं खाचेकडे ओढली जाऊन विरळ होतात, कारण छाप पडताना धातू रिकाम्या जागेकडे सरकतो. शिवाय खाचेच्या बरोबर समोरची कडही बऱ्याचदा पुसट असते; कड उंच करताना तिथे पुरता दाब पडलेला नसतो. कानशीने घासलेल्या नाण्यात अक्षर मध्येच तुटतं आणि समोरची कड ठणठणीत असते. ही समोरची कड पाहायचं बनवेगिरी करणाराही पुष्कळदा विसरतो.

काही नाण्यांवर एका बाजूला सरळ छाप आणि दुसऱ्या बाजूला तोच उलटा, खोलगट दिसतो. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहिलं, की असं होतं. पण दोन नाणी शिकंज्यात दाबूनही उलटा छाप उठवता येतो. त्यात खालची मूळ अक्षरं चेपलेली का होईना, दिसतातच.

आणखी एक. वर्षाखाली टांकसाळीचं चिन्ह नाही म्हणून हुरळून जाऊ नका. हिरा मुंबईचा, तारा हैदराबादचा, ठिपका नोएडाचा. कोलकात्याची टांकसाळ चिन्ह घालतच नाही.

आणि जुनी नाणी विकून देतो, आधी कमिशन भरा, असा रिझर्व्ह बँकेच्या नावाने फोन आला तर सरळ ठेवून द्या. बँक असा व्यवहार करत नाही. तिने 2021 मध्ये तसं जाहीरही केलं आहे.