आईची वाटी किती ग्रॅमची?

आज साखरांब्याची कृती सांगणार नाहीये, साखरांबा कसा बिघडला ते सांगणार आहे.

आई गेली त्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यातली गोष्ट. तिच्या वहीत एवढंच होतं: ‘कैरीचा कीस वाटीला वाटी साखर, वीस मिनिटं.’ मी इथे बडोद्यात राजापुरी कैऱ्या आणल्या, सोलून किसल्या आणि वाटी भरली. कंजूषपणा नको म्हणून अगदी दाबून दाबून भरली. वीस मिनिटांनी उतरवलं तेव्हा पाक पातळच होता, पण वहीत वीस लिहिलं होतं ना! दहाव्या दिवशी बरणीचं झाकण उघडलं तर वर फेस, आणि आंबूस वास. सगळा फसफसला. खरं सांगते, त्या दिवशी मी साखरांब्यासाठी रडले नाही.

बहिणीला हैदराबादला फोन केला. आईची वाटी तिच्याकडे आहे. ती म्हणाली, “अगं ताई, आई कीस दाबत नव्हती. वरून भुरभुरायची. तू कधी बघितलंच नाहीस का?”

लागलं मला ते. पण मग तिला म्हटलं, ती वाटी काट्यावर ठेव, काटा शून्यावर आण आणि काठोकाठ पाणी भर. १५० ग्रॅम भरलं. पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे एक मिली, म्हणजे आईची वाटी १५० मिलीची. बाजारात केकसाठी जो कप मिळतो तो २४० किंवा २५० मिलीचा असतो. ‘एक वाटी’ वाचून तो कप उचलू नका.

मग मी माझ्या एका भांड्यात १५० ग्रॅम पाणी ओतलं, बाहेरून रेघ मारली आणि त्या रेघेपर्यंत एकेक जिन्नस भरून तोलला. साखर १२५ ग्रॅम. कीस भुरभुरून भरला तर ७०. तोच कीस दाबून भरला तर ११०! भांडं तेच, कैरी तीच.

आता हिशोब बघा. आईच्या हाताने ७० ग्रॅम किसाला १२५ ग्रॅम साखर, म्हणजे जवळजवळ पावणेदोन पट. माझ्या हाताने ११० ला १२५, जेमतेम बरोबरीच्या वर. कैरीत पाणीच जास्त. साखर कमी पडली, पाणी वीस मिनिटांत आटलं नाही, आणि यीस्टला आयतं रान मिळालं.

फळ वाटीने मोजताना आपण फळाबरोबर मधली हवाही मोजतो, आणि ती हवा किती हे चिरण्यावर ठरतं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात एक कप स्ट्रॉबेरी अख्खी असेल तर १४४ ग्रॅम, काप केले तर १६६, गर केला तर २३२. म्हणून आमरसाला वाटी चालते, त्यात पोकळी नसते. एक कप रस साधारण २५० ग्रॅमच्या आसपास. फोडींना आणि किसाला मात्र काटाच हवा. आणि वजन साल-कोय काढल्यानंतरचं घ्या. (माझ्या जाऊबाई अख्ख्या कैऱ्यांचं वजन धरतात. त्यांच्या साखरांब्याबद्दल मी इथे बोलणार नाही.)

घरच्या जुन्या कृतीसाठी एवढंच करा: ज्यांचा हात बसलाय त्यांना वाटी भरायला सांगा आणि ती तोलून लिहून ठेवा. ते आहेत तोवर. पुढे सगळा गुणाकार. दोन किलो किसाला मला साडेतीन किलोच्या थोडी वर साखर लागते. कैरी तोतापुरीसारखी कमी आंबट असेल तर चव घेऊन साखर जरा कमी करते, पण मग पाक जास्त आटवते. तेव्हा घड्याळ बघत नाही, पाकाची तार बघते.

आईच्या वहीत त्या ओळीशेजारी मी पेन्सिलीने लिहिलंय, ‘कीस ७०, साखर १२५. दाबू नको.’ यंदाची एक बरणी हैदराबादला गेली. बहिणीला आवडली. वाटी मात्र ती अजून देत नाही.