परदेशात घडलेला आइसलँड

2 ऑगस्ट 1874 या दिवशी आइसलँडमधल्या गावोगावच्या चर्चमध्ये विशेष उपासना चालू होत्या. बेटावर पहिली वस्ती झाली त्याला हजार वर्षे पूर्ण झाली होती. डेन्मार्कचा राजा नववा क्रिस्टियान त्या उन्हाळ्यात स्वतः तिथे आला होता आणि त्याने आइसलँडला पहिली राज्यघटना दिली होती. त्याच दिवशी हजारो मैल दूर, अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात, थोडेसे आइसलँडकर एकत्र जमले. योन ब्यार्नासोन या पाद्रीबुवांनी मायबोलीत उपासना घेतली आणि त्यानंतर भाषणे झाली. बहुतेकांना घर सोडून वर्ष-दोन वर्षेच झाली होती, काहींना धड काम मिळाले नव्हते, आणि तरी उत्सव मात्र ठरल्या दिवशी पार पडला. उत्तर अमेरिकेतल्या आइसलँडी समाजाच्या जाहीर उत्सवांची सुरुवात इथून मानतात.

परंपरा मायदेशात तयार होते आणि परदेशी जाणारा माणूस ती ट्रंकेत घालून नेतो, अशी आपली साधारण समजूत असते. आइसलँडच्या बाबतीत हा प्रवास बऱ्याचदा उलट दिशेने झालेला दिसतो. 'थोराब्लोत' या हिवाळी मेजवानीचेच पाहावे. जुन्या पंचांगातल्या 'थोरी' महिन्यात, म्हणजे जानेवारीच्या उत्तरार्धापासून, ही मेजवानी होते आणि तिचे नाते थेट ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीच्या धर्माशी सांगितले जाते. नाव जुने आहे हे खरे. पण आधुनिक काळातली पहिली थोराब्लोत 1873 साली घातली ती कोपनहेगनमध्ये शिकणाऱ्या आइसलँडी विद्यार्थ्यांनी. आंबवलेला शार्क, मेंढीचे भाजलेले मुंडके, आंबट मठ्ठ्यात मुरवलेले मांस असे सगळे पदार्थ एका लाकडी पाटावर मांडून 'थोरीचे जेवण' म्हणून वाढायची पद्धत तर रेक्याविकच्या 'नॉस्टिड' या उपाहारगृहाने 1958 साली रूढ केली. आज विनिपेगपासून व्हँकुव्हरपर्यंत आइसलँडी मंडळे दर हिवाळ्यात थोराब्लोत घालतात. शार्कचा तुकडा चिमटीत धरून नव्या सुनेकडे किंवा जावयाकडे मिस्कीलपणे पाहायचे, हाही त्या कार्यक्रमाचा एक भाग असतो.

आता गिमलीकडे वळू. कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात, विनिपेग सरोवराच्या पश्चिम काठावर हे छोटेसे गाव आहे. प्रलयानंतर उरलेली माणसे जिथे सुखाने राहतील असे नॉर्स पुराणकथांत सांगितले आहे, त्या स्थानाचे नाव त्याला दिले गेले. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली त्याच 1875 साली, 21 ऑक्टोबरला, पहिली तुकडी इथे उतरली. खरे तर त्यांना आणखी उत्तरेला, नदीच्या मुखाशी जायचे होते. पण हिवाळा तोंडावर आला होता, तेव्हा त्यांच्या तराफेवजा होड्या ओढून आणणाऱ्या आगबोटीने त्यांना विलो पॉइंट या भूशिराशीच सोडले. त्या जागी एक पांढरा मोठा खडक आहे. दर वर्षी 21 ऑक्टोबरला गावकरी चालत त्या खडकापर्यंत जातात.

या स्थलांतराची एक कथा लोकप्रिय आहे: आस्क्या ज्वालामुखी फुटला, शेते राखेखाली गेली आणि माणसे देश सोडून निघाली. ती निम्मीच खरी. आस्क्याचा मोठा स्फोट मार्च 1875 मधला आहे, आणि गिमलीला उतरलेली पहिली तुकडी त्याच्या आदल्या वर्षीच कॅनडात पोचली होती. ओंटारियोतल्या किनमाउंट येथे रेल्वेच्या कामावर हालअपेष्टा सोसून मग ती माणसे पश्चिमेला आली. राखेने पूर्व आइसलँडमधून हाकललेले लोक आले ते 1876 च्या मोठ्या तुकडीत. एकूण स्थलांतरामागची कारणे फार दिवसांची होती. किनाऱ्याला वर्षानुवर्षे समुद्री बर्फ येऊन अडकत होते, मेंढ्यांना गवत पुरत नव्हते, आणि कसायला स्वतःची जमीन नसल्याने तरुणांना दुसऱ्याच्या घरी गडी म्हणून राबावे लागत होते. 1870 ते 1914 या काळात सुमारे पंधरा हजार माणसे गेली, आणि 1870 च्या सुमारास त्या देशाची लोकसंख्याच सत्तर हजार होती. प्रत्येक घराचे कोणी ना कोणी समुद्रापार गेले होते, असे म्हटले तरी चालेल.

तंबू आणि ओंडक्यांच्या खोपटांत राहणाऱ्या या लोकांनी दोन वर्षांच्या आत, 1877 साली, 'फ्रामफारी' नावाचे वर्तमानपत्र काढले. पुढच्याच वर्षी 'नवे आइसलँड' या आपल्या वसाहतीची स्वतःची राज्यघटना लिहून तिचे चार जिल्हे पाडले. रस्त्याच्या कामाचा वाटा कोणी किती उचलायचा, विधवांची आणि अनाथांची जबाबदारी कोणाची, हे त्या घटनेत लिहिलेले होते. गव्हर्नर जनरल लॉर्ड डफरिन 1877 मध्ये भेटीला आले. तरुणपणी ते आइसलँड हिंडून आले होते आणि त्यावर त्यांनी पुस्तकही लिहिले होते. गिमलीतल्या भाषणात त्यांनी नवल केले ते घराघरातल्या ग्रंथसंग्रहाचे. (हेच डफरिन पुढे हिंदुस्थानचे व्हाइसरॉय झाले, ते नाव आपल्याला त्या संदर्भात आठवते.)

पुस्तकांच्या जोडीला भांडणेही होती. धर्मावरून पहिल्या काही वर्षांतच इतका कडाक्याचा वाद झाला की एक मोठा गट उठून दक्षिणेला, आजच्या नॉर्थ डकोटात, निघून गेला. विनिपेगमध्ये 1886 साली 'हेइम्सक्रिंग्ला' आणि 1888 साली 'लोगबेर्ग' अशी दोन साप्ताहिके निघाली. राजकारणात एक कॉन्झर्व्हेटिव्ह, तर दुसरे लिबरल. आणि 'लोगबेर्ग' ल्यूथरन बाजूचे म्हणून 'हेइम्सक्रिंग्ला' युनिटेरियनांकडे झुकलेले. सत्तर वर्षे एकमेकांची उणीदुणी काढून 1959 साली दोन्ही एकत्र झाली, आणि जोडनावाचे ते पत्र आजही निघते, आता बहुतांशी इंग्रजीतून. भांडण जिवंत होते तोवर वाचकही जिवंत होता, आणि भांडण विझल्यावर दोघांना मिळून एक झाल्यावाचून गत्यंतर उरले नाही, असे थोड्या खट्याळपणे म्हणता येईल.

उत्सवाच्या तारखेवरूनही वाद झालाच. विनिपेगमध्ये 1890 साली 'ईस्लेंडिंगादागुरिन', म्हणजे आइसलँडकरांचा दिवस, पहिल्यांदा साजरा झाला तो 2 ऑगस्टला. ज्यांना 1874 च्या राज्यघटनेपेक्षा योन सिगुर्दसोन या स्वातंत्र्यनेत्याचे मोल अधिक वाटे, त्यांना 17 जून, म्हणजे त्याचा जन्मदिवस हवा होता. पुढे 1944 मध्ये आइसलँडचे प्रजासत्ताक झाले ते 17 जूनलाच, पण गिमलीकर ऑगस्ट सोडायला तयार झाले नाहीत. 1932 साली उत्सव विनिपेगहून गिमलीला हलला आणि आजही ऑगस्टच्या पहिल्या सोमवारच्या लांब सुट्टीत होतो. कॅनडातल्या उन्हाळ्याचा हा भर. मायदेशाशी तारीख जुळवण्यापेक्षा नातवंडांना सुट्टी असणे अधिक महत्त्वाचे, हा विचार आपल्याकडच्या परदेशस्थ मंडळांनाही परका वाटू नये.

या उत्सवाचा केंद्रबिंदू म्हणजे फ्यालकोना, पर्वतस्त्री. आइसलँड देशाचे स्त्रीरूप म्हणून तिची कल्पना एकोणिसाव्या शतकातल्या कवींनी आणि चित्रकारांनी केली. कागदावरची ही बाई रक्तामांसाच्या रूपात आधी रेक्याविकला दिसली असे कोणालाही वाटेल. तशी ती दिसली 1924 साली विनिपेगच्या उत्सवात. रेक्याविकच्या राष्ट्रदिनी तिचा पायंडा पडायला 1947 साल उजाडले. दोघींत फरकही मोठा आहे. आइसलँडमध्ये बहुधा एखादी अभिनेत्री राष्ट्रीय पोशाखात येऊन कविता वाचून दाखवते. गिमलीत हा मान मिळतो तो समाजासाठी आयुष्यभर झटलेल्या वयस्कर बाईला. चर्चचा भटारखाना सांभाळलेली, गायनवृंद चालवलेली, शाळेत शिकवलेली अशी कोणी तरी. पांढरा पायघोळ झगा, फरच्या काठाचा हिरवा अंगरखा, डोक्यावर उंच मुकुट आणि त्यामागे सोडलेली ओढणी अशा थाटात ती व्यासपीठावर बसते, भाषण करते, मूळ वसाहतकऱ्यांच्या स्मारकाला पुष्पचक्र वाहते. वर्षभर तिला फ्यालकोना म्हणूनच ओळखतात. देशाची मूर्ती म्हणून आजीला बसवणे ही गिमलीची कल्पना मला तरी रेक्याविकपेक्षा सरस वाटते.

आजींच्या मानाचा विषय निघाला आहे तर मार्ग्रेत बेनेदिक्तसोन यांनाही विसरू नये. त्यांनी 1898 पासून 1910 पर्यंत 'फ्रेया' हे आइसलँडी भाषेतले मासिक चालवले आणि त्यातून स्त्रियांच्या मताधिकाराची बाजू लावून धरली. 1916 साली मॅनिटोबातल्या स्त्रियांना मत मिळाले. कॅनडात असा हक्क देणारा हा पहिला प्रांत.

उत्सवातले बाकीचे कार्यक्रम खेळीमेळीचे. मिरवणूक निघते, वाळूचे किल्ले होतात, बंदराच्या पाण्यावर आडव्या टाकलेल्या वाशावर बसून दोन गडी एकमेकांना पाण्यात पाडायला पाहतात. तंबूंची 'व्हायकिंग वस्ती' उभी राहते, तलवारींची लढाई होते. सरोवराच्या काठी व्हायकिंगचा भव्य पुतळाही आहे. त्याचे अनावरण 1967 साली आइसलँडचे अध्यक्ष आउस्गेइर आउस्गेइर्सोन यांनी केले. पर्यटकांना तो आवडतो. मात्र गिमलीला उतरलेली माणसे होती मेंढपाळ आणि कोळी. पहिल्या हिवाळ्यात गोठलेल्या सरोवराखाली जाळे कसे सोडायचे हेही त्यांना येत नव्हते. त्यांचे धाडस तलवारीच्या धाडसाहून कमी नव्हते, पण पुतळा त्यांचा नाही.

खाण्यात राज्य चालते ते वीनारतेर्ता या केकचे. बिस्किटासारख्या पातळ चकत्या, मध्ये वेलची घालून शिजवलेल्या सुक्या प्लमचा गर, असे सात थर. नाव व्हिएन्नाचे; एकोणिसाव्या शतकात डेन्मार्कमार्गे आइसलँडला पोचलेली ही तेव्हाची फॅशन. ती तिथे पुढे मागे पडली आणि बदलली. स्थलांतरितांनी मात्र जशी आणली तशी धरून ठेवली. थर सहा की सात, वरून साखरेचा लेप द्यावा की नाही, सुक्या प्लमऐवजी दुसरे काही भरले तर त्याला वीनारतेर्ता म्हणावे का, यावर मॅनिटोबातल्या घराघरांत आजही मतभेद आहेत. कॅनडात जन्मलेल्या पाचव्या पिढीला आइसलँडिकचे एक वाक्य येत नसेल, पण आजीची कृती कोणती आणि शेजारणीची कोणती, हे बरोबर कळते.

नव्या आइसलँडच्या आठवणीत एक दुखरी जागा आहे. 1876 च्या हिवाळ्याच्या तोंडावर वसाहतीत देवीची साथ आली. शंभरावर आइसलँडकर दगावले आणि पुढच्या जुलैपर्यंत वसाहत विलग ठेवावी लागली. सँडी बार इथल्या मूळ रहिवाशांची वस्ती तर या साथीने उद्ध्वस्तच केली. नवागतांना मदत करणाऱ्या जॉन रॅम्सी या सॉल्टो जमातीच्या माणसाची बायको बेट्सी त्यात गेली. त्याने तिच्यासाठी दुरून संगमरवरी थडगे आणवले. पुढे त्रौस्ती विगफूसन या सुताराच्या स्वप्नात रॅम्सी आला आणि थडग्याभोवती कुंपण घालायला सांगून गेला. सुताराने ते घातले. स्वप्ने मनावर घेणाऱ्या आइसलँडी घरांत ही गोष्ट आवर्जून सांगितली जाते. वसाहतकऱ्यांच्या कष्टांचे गोडवे गाताना बराच काळ उत्सवाच्या भाषणांत सँडी बारला जागा मिळाली नाही. ती मिळायला हवी होती.

गिमलीबाहेरचा पसारा लहान पण चिवट आहे. यूटातल्या स्पॅनिश फोर्क गावी 1855 पासून मॉर्मन झालेले आइसलँडकर राहिले. तिथे दीपस्तंभाच्या आकाराचे त्यांचे स्मारक आहे आणि उत्सव जूनमध्ये होतो. नॉर्थ डकोटातले माउंटन हे शंभरेक वस्तीचे गाव 2 ऑगस्टच्या सुमारास माहेरवाशिणींनी आणि पाहुण्यांनी गजबजते. अल्बर्टात मार्करव्हिलजवळ स्तेफान जी. स्तेफान्सोन यांचे घर जपून ठेवले आहे. दिवसभर नांगर धरायचा आणि रात्री कविता लिहायच्या, हा त्यांचा क्रम. संग्रहाचे नावही जाग्या रात्रींवरून दिलेले. 1917 साली आइसलँडने त्यांना सन्मानाने बोलावून घेतले. देशाबाहेर राहून देशाचा मोठा कवी ठरलेला हा शेतकरी. विनिपेगच्या बर्फावर वाढलेल्या, जवळजवळ सगळ्या आइसलँडी घरांतल्या पोरांच्या 'फाल्कन्स' संघाने 1920 च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये आइस हॉकीचे सुवर्णपदक जिंकले, ही तर त्या समाजाची हक्काची फुशारकी.

गाणी-जेवणांपलीकडेही ये-जा राहिली. 1914 साली आइसलँडने स्वतःची आगबोट कंपनी काढली तेव्हा पश्चिमेला गेलेल्या भाऊबंदांनी तिचे भाग विकत घेतले. मॅनिटोबा विद्यापीठात आइसलँडिकचे अध्यासन 1951 मध्ये सुरू झाले ते याच समाजाच्या वर्गणीतून. उत्तर आइसलँडमधल्या होफ्सोस गावी 1996 साली स्थलांतराचे संग्रहालय उघडले. परदेशातून आलेली माणसे तिथे आपल्या पणजोबांचा माग काढतात. 1999 पासून चालणाऱ्या 'स्नोरी' उपक्रमात उत्तर अमेरिकेतली तरुण मुले आइसलँडला जाऊन भाषेचे धडे घेतात आणि काही दिवस चुलत-मावस नातेवाइकांच्या घरी राहतात. आइसलँडमध्ये वंशावळीच्या नोंदी इतक्या नीट आहेत की दीडशे वर्षांपूर्वी तुटलेला धागा शोधून देणे अवघड जात नाही. उपक्रमाचे नाव आहे ते गाथांमधल्या स्नोरी थोर्फिन्सोनचे, ज्याचा जन्म सुमारे हजार वर्षांपूर्वी अमेरिकेच्या किनाऱ्यावर झाल्याचे सांगतात आणि जो पुढे आईवडिलांबरोबर आइसलँडला परतला. याच उपक्रमाची दुसरी शाखा आइसलँडच्या मुलांना उत्तर अमेरिकेत घेऊन येते.