खिशाचा भार कमरेवर



धारावीत संत रोहिदास मार्गालगतच्या एका पोटमाळ्यावर मी पहिल्यांदा रापी हातात धरली. तिथून या परिषदेच्या खुर्चीपर्यंत आपण मला आणलंत, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. धंद्यासमोरचे मोठे प्रश्न मी जाणतो. २०१५ नंतर आपल्या राज्यात चामड्याची आवक कशी बदलली, हे इथल्या प्रत्येकाने सोसलं आहे. त्यावर या दोन दिवसांत चर्चा होईलच. मी मात्र एकाच वस्तूच्या एकाच भागाबद्दल बोलणार आहे. तो भाग म्हणजे चामड्याच्या किल्टचा खिसा.

हाच विषय का घेतला, ते सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या कारखान्यातून चामड्याच्या किल्टची एक खेप परदेशी गेली आणि काही महिन्यांत तक्रारींसह परत आली. शिलाई पक्की होती, रंग टिकला होता. पण खिशांचे कोपरे फाटले होते, मागच्या निऱ्या एका बाजूला ओढल्या जाऊन लोंबत होत्या. खरेदीदाराच्या टेक-पॅकमध्ये, म्हणजे त्याने पाठवलेल्या आराखड्यात, खिसा जिथे काढला होता, तिथेच आम्ही तो शिवला होता. चित्रातला खिसा पँटचा होता. नमुना कापतानाच मला ते दिसलं होतं, आणि मी बोललो नाही. आजचं भाषण म्हणजे तेव्हा जे बोलायला हवं होतं ते आहे.

किल्टला मुळात खिसा नव्हताच. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातला, म्हणजे हायलँडमधला, पुरुष आधी लोकरीचं एक लांबच लांब, न शिवलेलं वस्त्र कमरेला पट्ट्याने बांधायचा आणि वरचा भाग खांद्यावर घ्यायचा. आपल्या धोतरासारखंच, निऱ्यांवर उभं राहिलेलं वस्त्र. अठराव्या शतकात त्याचा खालचा भाग वेगळा झाला, निऱ्या शिवून पक्क्या झाल्या आणि आजचा किल्ट घडला. १७४६च्या कायद्याने हायलँडमधल्या पुरुषांना हा वेश घालायला बंदी झाली, ती १७८२ला उठली. सैन्यातल्या हायलँड पलटणींना मात्र तो घालता येत होता. या सगळ्या काळात पैसे, किल्ली, तंबाखू ठेवायला होती ती पुढे पट्ट्याला किंवा साखळीला लटकवलेली चामड्याची थैली, म्हणजे स्पोरन. आपल्याकडे धोतर-लुगड्याला खिसा नव्हता तेव्हा माणसं काय करत होती ते आठवा. पैसे कनवटीला खोचलेले असत, पान-तंबाखू चंचीत, आणि ओझं सगळं कमरेवर. निऱ्यांचं वस्त्र नेसणाऱ्या दोन दूरच्या मुलखांनी एकच उत्तर शोधलं, याचं मला फार महत्त्व वाटतं.

पारंपरिक किल्टला साधारण आठ यार्ड लोकर लागते. मागे निऱ्या, पुढे एकावर एक येणारे दोन सपाट पदर. वरचा पदर उजव्या बाजूला बकलाने अडकतो. २०००च्या सुमारास अमेरिकेतल्या सिएटलमध्ये युटिलिकिल्ट्स या कंपनीने जाड सुती कापडाचे, मोठ्या खिशांचे, कामावर घालता येतील असे किल्ट विकायला सुरुवात केली. त्यानंतर खिसेवाला किल्ट ही वेगळी जातच झाली. चामड्याचा किल्ट त्याच वाटेने आला. आणि इथे अडचण सुरू होते, कारण सुती कापडाचा खिसा जसाच्या तसा चामड्यावर चढवता येत नाही.

आधी वजन बघू. एक मिलिमीटर जाडीच्या चामड्याचा चौरस फूट सुमारे सत्तर ग्रॅम भरतो. एका किल्टला तीस फूट चामडं गेलं, तर नुसतं चामडंच दोन किलोच्या वर गेलं. त्यात बकलं, अस्तर, रिबिटा. मग माणूस त्यात फोन, किल्ल्या आणि पाकीट घालणार. पँटमध्ये हे ओझं मांडीवर टेकतं, कारण खिशाभोवती पायाचा नळा असतो. किल्टमध्ये खाली काहीच नाही. खिसा लंबकासारखा झुलतो आणि प्रत्येक पावलाला तोंडाच्या दोन कोपऱ्यांना झटका देतो. लोकर तो झटका विणीत पसरवते. चामड्यात वीण नाही. सुईने एकदा पाडलेलं भोक कायमचं राहतं. टाके दाट घातले तर टपालाच्या तिकिटासारखी भोकांची रांग तयार होते आणि चामडं त्याच रेषेवर फाटतं. म्हणून टाका साडेतीन-चार मिलिमीटरचा ठेवा. कोपऱ्यावर मशीन पुढे-मागे नेऊन टाके पक्के करायची कापडातली सवय इथे घातक आहे. दोऱ्याची टोकं आतून गाठवा, कोपऱ्याला मागून चामड्याचा तुकडा लावा आणि गरज असेल तर पितळी रिबीट मारा.

चिरेचा खिसा करायचा असेल तर चामड्याचा एक मोठा गुण हाताशी आहे. त्याच्या कडेचे दोरे सुटत नाहीत, त्यामुळे दुमड न घालताही चीर स्वच्छ राहते. पण चीर जिथे संपते तिथूनच ती पुढे फाटत जाते. चीर घेण्याआधी तिच्या दोन्ही टोकांना तीन मिलिमीटरच्या पंचाने गोल भोक पाडा. गोल कडेवर ताण वाटला जातो आणि फाटणं थांबतं. हे मला कोणत्याही पुस्तकाने शिकवलं नाही. शेजारच्या गाळ्यातल्या चप्पल करणाऱ्या एका वडीलधाऱ्या कारागिराने शिकवलं, आणि ते मी आजही त्यांच्याच नावाने माझ्या मुलांना सांगतो.

आता खरा प्रश्न, खिसा बसवायचा कुठे? निऱ्यांवर शिवला तर निऱ्या मेल्या. तीन निऱ्यांवर आडवा खिसा बसला की त्या तीन राहत नाहीत, एक पाटी होते, आणि किल्टचं चालताना हलणं हाच त्याचा प्राण. पुढच्या पदरावर बसवला तर वजनाने तो पदर खाली ओढला जातो, बकलाजवळची कड उघडी पडते आणि बसल्यावर किल्ल्या पोटाखाली रुततात. मागे बसवला तर माणूस त्यावर बसणार. उरते ती कुशीची जागा, जिथे पदर संपतो आणि निऱ्या सुरू होतात.

तिथेही खिसा शिवू नका, टांगा. माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीत आहे. खिशाची थैली पूर्णपणे वेगळी तयार करा. दोन रुंद पट्ट्यांनी ती कमरपट्टीतून लोंबू द्या, म्हणजे सगळा भार कमरपट्टीवर जाईल. झुलणं थांबवायला खालच्या बाजूला एकच टिचबटण द्या. घालणाऱ्याने ते सोडलं की बसल्यावरही थैली कुशीला उभीच राहते आणि आतली वस्तू सांडत नाही. मांडीबरोबर आडवा होणारा शिवलेला खिसा ही सोय देऊ शकत नाही. टिचबटणाखाली मात्र जाड पाठ लावायला विसरू नका, नाहीतर रोजच्या ओढीने बटण चामड्यासकट हातात येतं.

कुणाला बाहेरून खिसा दिसायला नको असेल तर कुशीतली पहिली निरी खोल ठेवा आणि खिसा तिच्या पोटात लपवा. त्याची पिशवी चामड्याची नको, सुती ड्रिलची करा. जाडी वाचते, वजन वाचतं. ती पिशवीही फितीने कमरपट्टीलाच बांधा. शक्य असेल तर काढता येईल अशी ठेवा, कारण किल्ट धुता येत नाही आणि घामाने, मळाने आधी पिशवीच खराब होते.

जाडीचा हिशेब कापण्याआधी कागदावर करा. एका निरीत चामड्याचे तीन थर येतात, दुमडलेल्या कमरपट्टीचे दोन, म्हणजे एक मिलिमीटरच्या मालात पाच मिलिमीटर झालेच, आणि खिशाच्या पट्ट्या त्यावर. लोकरीचा किल्ट शिवणारे स्कॉटिश कारागीर कमरेजवळ निऱ्यांच्या आतलं जादा कापड कापून टाकतात. आपणही तिथलं आतलं चामडं काढावं आणि उरलेल्या कडा रापीने उतरत्या कराव्यात. बकऱ्याच्या चामड्यात काम करत असाल तर एक कातडं चार-पाच फुटांचं, म्हणजे जोड येणारच. तो जोड निरीच्या आतल्या घडीत घ्या. थैलीच्या पट्ट्या आणि खिशाचं तोंड मात्र पाठीच्या कण्यालगतच्या चामड्यातूनच कापा. पोटाकडचं चामडं ताणतं, आणि महिन्याभरात खिशाचं तोंड आ वासून उभं राहतं. कामाचा क्रमही पाळा. कुशीचा तुकडा सपाट असतानाच खिशाचं सगळं काम संपवा. निऱ्या बसल्यावर तिथे मशीनचा पाय पोचत नाही.

डिझाइनच्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे. खिसा काढण्याआधी कारखान्यात या आणि चामडं बोटांनी वाकवून बघा. आणि कारागिरांनो, चित्र चुकीचं असेल तर बोला. नमुना कापण्याआधी बोला. आपल्या हातांना जे कळतं ते चित्र काढणाऱ्याला कळावं हा आपला हक्क आहे, आणि तो आपण फार वर्षं वापरला नाही.

पुढच्या परिषदेला येताना प्रत्येक कारखान्याने एक खिसा शिवून आणावा. पूर्ण किल्ट नको, कमरपट्टीचा तुकडा आणि त्याला टांगलेली एक थैली पुरे. तीत तीनशे ग्रॅम वजन घालून ती महिनाभर कामावर कमरेला बांधून फिरा. कुठे ताणली, कुठे फाटली, ते न दुरुस्त करता तसंच घेऊन या. आपण ते सगळे तुकडे एका टेबलावर मांडू आणि एकत्र बघू.