पिणे सोडलेल्या मित्राची सोबत

दारू सोडल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत सोडणाऱ्याइतकीच घालमेल त्याच्या जवळच्या मित्राची होते. फोन करावा तर पाळत ठेवल्यासारखे होईल, न करावा तर साथ सोडल्यासारखे. लग्नाला बरोबर न्यावे तर वरातीत बाटल्या निघणार, टाळावे तर मन दुखावणार. या घालमेलीच्या मुळाशी मायाच असते. पण त्या विचारात संध्याकाळ सरते आणि पिणे सोडलेला मित्र घरी एकटाच राहतो.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सुसान नोलेन-होक्सेमा यांच्या अभ्यासांतून असे दिसले की, तीच ती गोष्ट मनात घोळवत राहणारी माणसे उपाय शोधण्यात मागे पडतात आणि सुचलेला उपाय अमलात आणायलाही कचरतात. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलवित्झर यांनी याची दुसरी बाजू दाखवली. एखादी गोष्ट करण्याचा नुसता निश्चय करणाऱ्यापेक्षा ती केव्हा, कुठे आणि कशी करायची हे आधी ठरवणाऱ्याच्या हातून ती घडण्याची शक्यता जास्त असते.

व्यसनमुक्तीत ‘केव्हा’ याचे उत्तर बहुधा तयारच असते. कामावरून सुटल्यानंतरचा तास, पगाराचा दिवस, शनिवारची रात्र, गटारी, धुळवड, एकतीस डिसेंबर. तलफ याच वेळांना उसळते, आणि बऱ्याचदा अर्ध्या-एक तासात ओसरते. तेवढा वेळ कोणी बरोबर असले तरी पुष्कळ होते. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा असताना तलफ बळावते, असे या क्षेत्रात काम करणारे सांगतात. त्यातली भूक आणि एकटेपणा मित्राने शनिवारी संध्याकाळी आपल्या घरी जेवायला बोलावले तरी भागतात. त्यासाठी मोठे समुपदेशन यावे लागत नाही.

अशाच एका वेळी केलेल्या फोनमधून जगातली एक मोठी चळवळ उभी राहिली. मे १९३५ मध्ये बिल विल्सन हे न्यूयॉर्कचे गृहस्थ अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरी एका हॉटेलात होते. दारू सोडून त्यांना जेमतेम पाच महिने झाले होते आणि ज्या व्यवहारासाठी ते आले होते तो फसला होता. हॉटेलातल्या बारमधून आवाज येत होते. विल्सन यांनी तिथल्या चर्चना फोन लावायला सुरुवात केली; पिण्याने हैराण झालेल्या दुसऱ्या कोणाशी तरी बोलायचे होते. त्यातून त्यांची डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी गाठ पडली आणि ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ची सुरुवात झाली. आज महाराष्ट्रातही ‘एए’च्या मीटिंग मराठीतून भरतात. पहिल्या मीटिंगच्या दारापर्यंत बरोबर जाणे, हे मित्राला सहज जमण्यासारखे आणि फार मोलाचे काम आहे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’सारख्या केंद्रातून उपचार घेऊन आलेल्यांना पुढे फॉलोअपला जावे लागते. तिथेही सोबत लागतेच.

बाकीचे बरेचसे प्रश्न पिणे सोडणाऱ्यालाच विचारून सुटतात. ‘रोज फोन केला तर चालेल का? किती वाजता?’ एवढे विचारले की पाळतीची शंका उरत नाही. लग्नाला यायचे का, हेही त्यानेच ठरवावे. तो येणार असेल तर यजमानांना आधी सांगून ठेवणे, परतीचे वाहन हाताशी ठेवणे आणि ‘एका पेगने काय होतंय’ म्हणणाऱ्याला परस्पर आवरणे हे सोबत जाणाऱ्याने करावे.

एका बाबतीत मात्र विचारात वेळ घालवणे धोक्याचे असते. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर काही तासांतच थरथर, घाम, निद्रानाश सुरू होऊ शकतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होणे, भास होणे अशी जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. अशा माणसाची दारू घरच्या घरी सोडवण्याचा प्रयत्न करू नये. त्याला आधी डॉक्टरांकडे न्यावे.

पुन्हा पिणे घडले, म्हणजे ‘स्लिप’ झाली, तर त्या रात्री वाद घालण्यात अर्थ नसतो. अ‍ॅलन मारलॅट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी दाखवले की, एकदा पाय घसरल्यावर ‘आता सगळे संपलेच’ ही भावनाच माणसाला पुढच्या पिण्याकडे ढकलते. सकाळी, शुद्धीवर असताना, शांतपणे बोलावे आणि त्याच दिवशी केंद्राशी किंवा डॉक्टरांशी गाठ घालून द्यावी. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी क्रमांकही आहे. उसने पैसे देणे किंवा त्याच्या ऑफिसात खोटे कारण कळवणे मात्र टाळावे. त्यामुळे पिण्याचे परिणाम झाकले जातात आणि उपचार लांबतात.

इतके करूनही मित्राचे पिणे थांबवणे दुसऱ्याच्या हातात नसते. हे पचवणे जवळच्यांना फार जड जाते. व्यसनी माणसांच्या कुटुंबीयांसाठी आणि मित्रांसाठी १९५१ साली अमेरिकेत ‘अल-अ‍ॅनॉन’ सुरू झाले. बिल विल्सन यांच्या पत्नी लोइस त्याच्या संस्थापकांपैकी एक होत्या. भारतातही त्याचे गट आहेत, आणि मित्र मीटिंगला यायला तयार नसला तरी सोबत करणाऱ्याला तिथे एकट्याने जाता येते.