हिरवा दिवा आणि गांधार

पैठणला फाल्गुन वद्य षष्ठी जवळ आली की आमच्या ओसरीवर पेट्यांची रांग लागायची. नाथषष्ठीला दिंड्या यायच्या आत गावोगावच्या भजनी मंडळांना पेटी सुरात हवी असे. माझे अब्बा त्या दुरुस्त करत. कोणी पैसे देई, कोणी ज्वारी आणून टाकी. आम्ही मुलं भाता मारायला.

पेटीच्या आत पितळी सूर असतात. आपल्याकडे बरेचसे गुजरातेतल्या पालिताण्याहून येतात. सुराची जीभ टोकाकडे खरवडली की स्वर चढतो, बुडाकडे खरवडली की उतरतो. काम एवढंच, पण खरवडलेलं पितळ परत लावता येत नाही. म्हणून अब्बा दोनदा ऐकत आणि एकदा कानस फिरवत.

2011 साली त्यांचं वय चौऱ्याहत्तर होतं. त्या वर्षी एका मंडळाने पेटी नेली आणि चार दिवसांनी तीच पेटी दुसऱ्या कारागिराकडे दिसली. बुवा कधी तक्रार करणारे नव्हते, त्यामुळे ते जास्त लागलं. तार सप्तकातले स्वर अब्बांना नीट ऐकूच येईनासे झाले होते. हे घरात सगळ्यांना कळलं होतं, बोलत कोणी नव्हतं.

माझ्या भाच्याने औरंगाबादेहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून, तळहाताएवढा इलेक्ट्रॉनिक ट्यूनर आणला. स्वर लागला की हिरवा दिवा. अब्बांनी तो आठ दिवस कोनाड्यात ठेवला. नवव्या दिवशी सकाळी उठून पाहतो तर चष्मा लावून तार सप्तक त्याच्यावर मिळवत बसलेले! कान गेले तिथे डोळा कामाला आला. मला तरी यात कमीपणा दिसला नाही, आजही दिसत नाही.

अडचण आली ती मधल्या गांधारावर. तिथे त्यांचे कान शाबूत होते. ट्यूनर हिरवा, आणि अब्बा मान हलवतायत. मला म्हणाले, "बत्ती हौ बोलती, कान नक्को बोलता."

मी बी.ए. झालेला माणूस, मला वाटलं म्हातारपण. नंतर वाचलं तेव्हा कळलं की दोघेही खरे होते. ट्यूनर बहुधा पियानोच्या हिशेबाने चालतो. त्या हिशेबात सप्तकाचे बारा सारखे भाग असतात, म्हणजे कुठल्याही पट्टीतून वाजवा, सोय सारखी. गळा आणि तानपुरा असे सारखे भाग करत नाहीत. समजा षड्ज 240 कंपनांचा आहे. तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा गांधार 300 च्या मेळाचा. ट्यूनरचा गांधार 302.4. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला दोन-अडीच वेळा स्वर थरथरतो. पंचमात फरक नगण्य, म्हणून तिथे भांडण नाही.

हे भांडण आपल्याकडे जुनंच आहे. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी 1910 साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं. त्यांच्या प्रयोगांना खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या गळ्याची साथ होती. श्रुतींची हार्मोनियमही तेव्हा विलायतेत बनवून घेतली गेली. अलीकडे डॉ. विद्याधर ओक यांनी त्याच वाटेने बावीस श्रुतींची पेटी घडवली. आणि ज्या रेडिओवरून मी हे बोलतोय, त्याच रेडिओवर 1940 पासून तीसएक वर्षं पेटीला दार बंद होतं! गांधाराचाही त्यात वाटा होता.

मात्रा मोजून पक्की केलेली ओळ मोठ्याने म्हणताना अडखळते, हे मी कवितेत भोगलंय. पण तेव्हा मी मात्रांना दोष देत नाही, पुन्हा ओळ म्हणून बघतो.

अब्बा पेटी उघडण्याआधी विचारत, "बुवा, कोणत्या पट्टीत गाता?" मंडळ वर्षानुवर्षं काळी चारमध्ये गाणारं असेल, तर त्या पट्टीचा गांधार ते केसभर उतरवत. तीच पेटी दुसऱ्या पट्टीत वाजवली तर खटकणार, हेही सांगून ठेवत. बुवा माना डोलावत. ट्यूनर हा प्रश्न विचारत नाही, त्याला माणूस ठाऊक नाही. पण गावात गाणारे बदलत राहिले, शाळेतली मुलं कुठल्याही पट्टीत गाऊ लागली. त्यांच्या पेट्या अब्बा मुकाट्याने हिरव्या दिव्यावर मिळवत. त्यांनाही तेच सोयीचं होतं.

पेटी दुसरीकडे नेणारे बुवा पुढच्या षष्ठीला परत आले. अब्बांनी आधी ट्यूनर त्यांच्यासमोर ठेवला. "वरचं याच्यानं करतो, मधलं मी करतो. चालंल का?" बुवा म्हणाले, "वरचं आम्हाला तरी कुठं ऐकू येतंय?" चहा झाला.

अब्बांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. घरची पेटी माझ्याकडे आहे. परवा नातीने मोबाइलवरचा ट्यूनर लावून एकेक स्वर तपासला. काळी चारच्या गांधारावर काटा डावीकडे गेला आणि लाल झाला. "आजोबा, हा बिघडलाय," ती म्हणाली. मी तिला भाता मारायला बसवलं, षड्ज धरला आणि म्हटलं, आता ऐक.