पंचविसाचा चौरस
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



पंचविसावं वर्ष म्हटलं की गणिताच्या मास्तराला पाचाचा वर्ग आठवतो. आणि गंमत अशी की 25 म्हणजे 9 अधिक 16. तीनचा वर्ग अधिक चारचा वर्ग. म्हणून आज थोडं पायथागोरसच्या प्रमेयाबद्दल बोलतो. घाबरू नका, परीक्षा नाही!

शाळेत आपण ते बाजूंची लांबी काढायला वापरतो. पण मुळात ते क्षेत्रफळाचं आहे. काटकोन त्रिकोणाच्या दोन लहान बाजूंवर दोन चौरस काढा. त्या दोघांची जागा मिळून जेवढी होते, तेवढीच जागा कर्णावरच्या चौरसाची. आपल्याकडे बौधायनाच्या शुल्बसूत्रातही हे याच रूपात येतं. शुल्ब म्हणजे दोरी. यज्ञाची वेदी मोजून मांडणाऱ्यांना दोन चौरसांच्या जागेएवढा एक चौरस हवा असायचा, तो ते दोरीने काढत.

आता आपल्या जमिनीकडे येऊ. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, म्हणजे 33 फूट बाजूचा चौरस. दोन गुंठ्यांचा चौरस हवा तर बाजू किती? 66 म्हणाल तर फसाल, ते चार गुंठे होतात! एका गुंठ्याच्या चौरसाचा कर्ण मोजा. 1089 अधिक 1089 म्हणजे 2178, त्याचं वर्गमूळ साधारण 46 फूट 8 इंच. तीच दोन गुंठ्यांच्या चौरसाची बाजू.

हे आकडे व्यवहारात लागतात. समजा, कुणी चौरस गुंठा दाखवला. टेप लावली, चारही बाजू 33 फूट भरल्या. आपण खूश! पण प्लॉट तिरका असेल तर? एक कर्ण 55 फूट आला, तर दुसरा साडेछत्तीसच्या आसपास येईल आणि जागा भरेल साधारण 1003 चौरस फूट. बाजू सगळ्या बरोबर, तरी 86 चौरस फूट कमी. म्हणजे एक लहान खोलीच गेली! आपल्या कोकणात वीतभर गडग्यावरून भावाभावांत बोलणं बंद होतं. म्हणून बाजू मोजून थांबू नका, दोन्ही कर्ण मोजा. 33 च्या चौरसात दोन्ही 46 फूट 8 इंच यायला हवेत. 30 बाय 40 च्या प्लॉटला दोन्ही बरोबर 50. शेवटचा शब्द अर्थात सरकारी मोजणीचा, पण इसार देण्याआधी एवढं तर घरच्या घरी कळतं.

आपले गवंडी हे केव्हापासून करतात. पाया आखताना एका दोरीवर 3 फूट, दुसरीवर 4 फूट खूण करतात आणि मधलं अंतर 5 भरेपर्यंत दोरी सरकवतात. 5 भरलं की कोपरा गुण्यात आला. शाळेची पायरी न चढलेला माणूसही हे चोख करतो.

मुलांनो, तुमच्यासाठी एक खेळ. 3 आणि 4 सेंटिमीटर बाजूंचे चार काटकोन त्रिकोण कागदाचे कापा. त्यांचे कर्ण बाहेरच्या बाजूला ठेवून चौरस जुळवा. मध्ये 1 सेंटिमीटरचा छोटा चौरस रिकामा राहील. एक त्रिकोण 6 चा, चार मिळून 24, आणि मधला 1. झाले 25! ही मांडणी भास्कराचार्यांच्या बीजगणितातली. चाळीसगावजवळच्या पाटणे गावात त्यांच्या नातवाने त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला होता, तसा शिलालेख तिथे आहे.

तो मधला एक लक्षात ठेवा. चार त्रिकोण कितीही नीट बसले, तरी त्या एकाशिवाय 24 च राहतात. सोसायटीतही पार्किंग, पाणी, जिना यांवरून आपण चार कोपऱ्यांना तोंडं करून बसतो. मधली सामाईक जागा सांभाळली, तरच पंचवीस पुरे होतात. ती आपण सांभाळली, म्हणून आज हा दिवस दिसला.