डोंगरावरचा वारा आणि खालचा दिवा

बटाटेवड्यांचा वास इथपर्यंत येतोय, तेव्हा फार लांबण लावत नाही.

यंदा आपण पाटण तालुक्यातल्या एका डोंगरी वस्तीवरच्या शाळेसाठी निधी जमवतो आहोत. पठारावर पवनचक्क्या गरगरतात आणि ऐन पावसाळ्यात शाळेत दिवा नसतो, हे कळल्यावर काही देणगीदारांनी विचारलं, "वाऱ्याची जादा वीज हायड्रोजन करून साठवता येणार नाही का?" प्रश्न अगदी रास्त आहे. शिवाय त्यावर आपल्या ख्राइस्टचर्चमध्येच काम झालेलं आहे!

इथल्या इंडस्ट्रियल रिसर्च लिमिटेडच्या संशोधकांनी २००० च्या दशकात 'हायलिंक' नावाचा प्रयोग केला. (ही संस्था २०१३ मध्ये कॅलहन इनोव्हेशनमध्ये विलीन झाली.) जागा उत्तर बेटावरची, वुडव्हिलजवळची टोटारा व्हॅली. वारा डोंगरमाथ्यावर, घरं खाली दरीत. मग माथ्यावरच पवनचक्कीच्या विजेने पाण्याचं विघटन करायचं आणि निघालेला हायड्रोजन सुमारे दोन किलोमीटर प्लास्टिकच्या नळातून खाली आणायचा. गंमत म्हणजे नळ हीच टाकी! वारा पडला तरी नळात दाबाने भरलेला वायू शिल्लक राहतो. खाली फ्युएल सेलमधून वीज, वर थोडी उष्णताही. जून २००६ च्या हिमवर्षावात कँटरबरीच्या खेड्यांत आठवड्याहून अधिक काळ वीज नव्हती. ते दिवस ज्यांनी काढले, त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

साताऱ्यात तर वारा आणि पाणी दोन्ही पावसाळ्यातच भरपूर. मग हेच का करू नये? आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो. एक किलो हायड्रोजन काढायला पन्नासेक युनिट वीज लागते आणि फ्युएल सेलमधून परत मिळते जेमतेम सोळा. बॅटरी शंभरातली पंच्याऐंशी तरी परत देते. बरं, तो एक किलो वायू दाब न देता ठेवायचा तर हजार लिटरच्या बारा टाक्या हव्यात. दाब द्यायचा तर भक्कम सिलिंडर आणि गळती तपासणारा जाणता माणूस हवा. शाळेचा खप रोजचा दोन युनिट! मोठ्या कारखान्याला किंवा अख्ख्या तालुक्याला हे गणित उद्या जमेलही. केंद्राने २०२३ मध्ये हरित हायड्रोजनसाठी १९,७४४ कोटींची योजना मंजूर केली, महाराष्ट्रानेही त्याच वर्षी धोरण आणलं. पण तुमच्या घामाचा पैसा आम्ही प्रयोगात घालणार नाही.

म्हणून सौर पॅनेल घेतोय, पण ढगाळ दिवस धरून गरजेच्या दुप्पट, आणि तीन दिवस पुरेल अशी बॅटरी. हायड्रोजनवाले सभासद थोडे नाराज आहेत, हे आम्हांला ठाऊक आहे. त्यांना एवढंच सांगतो, पॅनेलच्या जोडणीत पुढे पवनचक्की लावायची सोय ठेवली आहे.

एक काम मात्र अजून अडलंय. दर वर्षी बॅटरी बघून यायला कुणीतरी हवं. सुट्टीत कऱ्हाड-पाटणकडे जाणाऱ्यांनी जेवणाआधी दाराजवळच्या वहीत नाव लिहावं.